ज्याचं त्याच्या दारात

नळाचं पाणी बंद होऊन बारा दिवस झाले, तेव्हा गावाला आमच्या घरामागची विहीर आठवली. त्याआधी अकरा वर्षं कुणाला तिची आठवण नव्हती. म्हणजे कचरा टाकायला रोज होती, पण विहीर म्हणून नव्हती.

नळाची बोअर आटली होती. टँकर दिवसाआड यायचा आणि घरटी चार घागरी देऊन जायचा. त्यात प्यायचं, रांधायचं, भांडी घासायची, म्हाताऱ्यांची आंघोळ आणि जनावरांच्या तोंडाला लावायचं. टँकरपाशी दर खेपेला कुणाचं ना कुणाचं वाजायचं. एकदा तर दुकानदाराच्या बायकोने माझी घागर पायाने बाजूला सारली. मी काही बोलले नाही, हे माझ्या स्वभावाला धरून नव्हतं, पण घसा इतका कोरडा होता की भांडायचं त्राणच नव्हतं.

त्या सकाळी गावचा प्रमुख आमच्या दारात आला. मागे दुकानदार आणि डॉक्टर. आमचे हे ओट्यावर बसून पहारेचं टोक दगडावर घासत होते. करायला काही नसलं की ते हेच करतात. आमचं घर गाळवाल्यांचं. विहिरी खणायच्या, गाळ काढायचा, झरे मोकळे करायचे. बोअर आल्या आणि धंदा बसला. तरी पहारेला गंज चढू द्यायचा नाही.

"गाळवाले, तुमच्या वडिलांनी खणलेली विहीर," प्रमुख म्हणाला. "झरा कधी आटला नाही म्हणतात."

"म्हणतात कसलं? नाहीच आटला," हे म्हणाले. "पूर्वेच्या कोपऱ्यात, तळाला कपार आहे. दुष्काळातसुद्धा मनगटाएवढी धार होती."

"मग उपसू या की."

मी चुलीपाशी होते, तिथूनच ओरडले, "पाणी उपसतात, कचरा नाही. आणि वर काढलेलं ठेवणार कुठे?"

"ते बघू की नंतर, वहिनी."

आमच्या गावात 'नंतर बघू' म्हणजे कुणीच बघायचं नाही. मी यांच्याकडे पाहिलं. वाटलं, नाही म्हणतील. पण त्यांनी पहार उचलून भिंतीला उभी केली आणि त्यांच्या तोंडावर जे हसू आलं ते मी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. मला मात्र हसू आलं नाही.

कारण त्या विहिरीच्या तळाशी काय आहे, ते गावात मला एकटीलाच माहीत होतं.

आता सांगूनच टाकते. माझी सासू दोन वर्षं अंथरुणावर होती. पाठीला जखमा झाल्या म्हणून नणंदेने, म्हणजे आक्काने, शहरातून फोमची जाड गादी आणून दिली. मी तिला फुलाफुलांच्या नायलॉनची खोळ शिवली. दोन वर्षं त्या गादीवरचं सगळं मी काढलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, सासू माझ्याशी बरी वागायची. पण ती गेली आणि ती गादी घरात नजरेसमोर नको झाली. वास जाईना. भंगारवाल्याने नाक मुरडलं. परसात जाळायला गेले तर काळा धूर शेजारपाजारच्या घरांत शिरला आणि चार बाया भांडायला आल्या. पुरावी म्हटलं तर उन्हाळ्याची जमीन, कुदळ उसळून परत यायची. त्यात आक्काने निरोप धाडला की तिची कंबर धरलीय, आईची गादी तिला हवी. माझं डोकंच फिरलं. दोन वर्षं मी उपसायचं आणि गादी हिला आठवण म्हणून!

तेव्हा नळ येऊन तीन महिने झाले होते आणि विहीर नुसती पडून होती. हे परगावी कामाला होते. धान्य वाळवायच्या निळ्या कागदात गादी गुंडाळली, दोरीने सात ठिकाणी आवळली, वर येऊ नये म्हणून सासूच्या तुटक्या जात्याची अर्धी तळी बांधली आणि दिली ढकलून. मी कामाला पक्की. आक्काला सांगितलं, कीड लागली होती, जाळली.

आत हवा राहिली असावी, कारण चार दिवस गादीचं एक निळं टोक पाण्यावर दिसत होतं. पाचव्या दिवशी बुडालं. पण तेवढ्यात कुणीतरी पाहिलं आणि समजलं की इथे टाकतात. आठवड्याभरात खोकी आली, मग पिशव्या, मग सगळंच. हे परत आले तेव्हा पाणी दिसेनासं झालं होतं. पहिल्या वर्षी हे गावाशी खूप भांडले. मग त्या बाजूला जाणंच सोडलं. आणि मी? मी भांडताना यांच्या बाजूने उभी राहायचे, तावातावाने.

आणि आता आक्काही आमच्याकडेच राहायला होती. नवरा गेल्यावर भावाकडे आली ती इथलीच झाली.

कामाला सुरुवात झाली. विहीर पाच पुरुष खोल, त्यात वरचे दोन पुरुष तेवढे मोकळे. यांनी दोन दांड्यांचा जुना रहाट दुरुस्त करून काठावर बसवला. एका दांड्याला मी, दुसऱ्याला आक्का. पहिले दोन दिवस गावातली दहा-बारा माणसं मदतीला आली. तिसऱ्या दिवशी चार, चौथ्या दिवशी कुणाचं कंबरडं दुखत होतं, कुणाचे पाहुणे आले होते. पाचव्या दिवसापासून आम्ही तिघंच. गाव लांबून नाकाला फडकं लावून सूचना करायचं.

हे पहाटे उजाडता उजाडता फळीवर बसून खाली उतरायचे. कमरेला दुसरा दोर. उतरण्याआधी कंदील सोडायचे, तो तळापर्यंत जळत राहिला तरच स्वतः जायचे. खाली गेले की फावड्याचा आवाज, मग "ओढा!" आम्ही दांडे फिरवायचो. टोपलं वर यायचं, कललेलं, गळणारं, आणि आमच्या अंगावर काळे ओघळ. दिवसाला शंभर-सव्वाशे टोपली. माझ्या तळहाताचे फोड फुटून परत आले. आक्काची कंबर धरलेलीच होती, तिने ती ओढणीने आवळून बांधली होती.

"आक्का, जरा बसा," मी म्हणायचे.

"आता बसले तर उठणार नाही," ती म्हणायची. "आईची ती गादी असती तर रात्री तरी बरी झोपले असते. तू जाळलीस नाहीतर."

असं ती सहज बोलायची, मनात काही न ठेवता. मी दांडा जोरात फिरवायचे.

ढीग वाढला. आमच्या परसात घराच्या छपराएवढा. त्याच्या वासाने भाकरी घशाखाली उतरेना. आणि दुपारनंतर वारा सुटला की वरच्या पिशव्या फडफडत उडायच्या, त्यातल्या निम्म्या परत विहिरीत. हे खालून शिव्या द्यायचे. दिवसभर माणसाने काढायचं आणि संध्याकाळी वाऱ्याने टाकायचं, असा तो खेळ.

मी प्रमुखाकडे गेले. म्हटलं, "नंतर झालं. आता बघा."

त्याने ओढ्यात टाका म्हणून सुचवलं. पण ओढ्याखालचा शेतकरी विळा घेऊन काठावर येऊन बसला. "पहिलं टोपलं पडलं की मी तुमच्या दारात नांगर घालीन," म्हणाला. त्याचं चुकलं असं मला वाटलं नाही. शेवटी प्रमुखाने शहरातली कचऱ्याची गाडी बोलावली. ड्रायव्हर उंच, तोंडात काडी. त्याने लोखंडी सळई ढिगात खुपसली, बाहेर काढून तिचा वास घेतला.

"हा लगदा मी नेणार नाही," तो म्हणाला.

"मग कशाला आलात? दर्शनाला?"

"ताई, चिडू नका. हे सगळं एकत्र घेऊन गेलो तर तिथे नुसता डोंगर होतो, आणि त्या डोंगराला आग लागते. माझी बहीण तिथेच राहते, तिची पोरं वर्षभर खोकतात. काच वेगळी द्या. पत्रा वेगळा, बाटल्या धुऊन वेगळ्या. कुजणारं इथेच खड्डा करून मातीआड करा, मला नको. फोम, गाद्या असतील तर कापून, वाळवून, पोत्यात भरून द्या, सीट बनवणारा नेतो. असं दिलंत तर दर आठवड्याला येईन."

"आणि वेगळं करायचं कुणी?"

"टाकताना एका हाताचं काम होतं," तो म्हणाला. "आता शंभर हातांचं झालंय."

गाडी रिकामी गेली. मी त्याला पाठमोरा पाहून दोन शब्द हासडले. पण गाद्यांचं तो बोलला ते माझ्या डोक्यातून जाईना.

सातव्या दिवशी हे खाली असताना एकदम "आई गं!" ऐकू आलं. वर काढलं तर उजव्या तळहातात इंजेक्शनची सुई घुसलेली, मागची नळी लोंबत होती. यांनीच ती उपटली. रक्त थेंबभर आलं. टोपल्यात पाहिलं तर तसल्या सुयांचं अख्खं पोतं फुटलेलं होतं, सोबत औषधांच्या बाटल्या, रक्ताचा कापूस.

माझं टाळकं सरकलं. ते पोतं टोपलीत भरलं, डोक्यावर घेतलं आणि भर सकाळी डॉक्टरच्या दवाखान्यात, पेशंट बसलेले असताना, त्याच्या टेबलासमोर नेऊन ओतलं.

"हे काय?" तो उठलाच.

"तुमचं आहे. परत आणून दिलं."

"माझ्याच सुया कशावरून?"

"गावात दुसरा डॉक्टर दाखवा, त्याला नेऊन देते."

पेशंट हसले. डॉक्टर नाही हसला. उठून माझ्याबरोबर घरी आला, यांचा हात तीन-तीनदा धुतला, मुकाट्याने इंजेक्शन दिलं आणि रक्त तपासायला शहरात न्यायचं कबूल केलं. जाताना ढिगातून आणखी सुया चिमट्याने वेचून पत्र्याच्या डब्यात भरून घेऊन गेला. तासभर उन्हात वाकून वेचत होता. मला ते पाहून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

तिथून मला वाट सापडली. दुपारी टोपली ओढून झाली की मी आणि आक्का ढिगाशी बसायचो आणि ओळखायचो. इतकी वर्षं शेजार केलाय, कुणाच्या घरात काय येतं ते कळतं. ही औषधाची रिकामी डबडी बागवाल्याची, ही पिसं कोंबडीवाल्याची, ही फाटकी वह्या-पुस्तकं मास्तरांच्या शाळेची, हे गठ्ठ्याने लंगोट प्रमुखाच्या नातवाचे. ज्याचं त्याच्या दारात. गावात आमच्या नावाने बोंब झाली. काही जणांनी आमच्या तोंडावर दार लावलं, दोघांनी पोती उचलून परत आमच्या परसात आणून टाकली. पण मास्तर स्वतः बसून कागद वेगळा करू लागले. कोंबडीवाल्याने शेतात खड्डा घेतला. पुढच्या खेपेला गाडी आली तेव्हा पंधरा घरांसमोर पोती बांधून ठेवलेली होती. ड्रायव्हरने प्रत्येक पोतं उघडून पाहिलं, तीन नाकारली, बाकीची नेली.

दुकानदाराचं सगळ्यात जास्त होतं. त्याच्या दुकानाचा शिक्का असलेली खोकी, वेष्टनं, बाटल्या. आम्ही सहा फेऱ्या केल्या. सहाव्या फेरीला तो गल्ल्यावरून उठून पायरीवर आला.

"मी विकलं, खाल्लं गावाने. माझ्या दारात का?"

"खोकी तर गावाने खाल्ली नाहीत ना?"

"बरं, खोकी माझी," तो म्हणाला. "पण मी पहिला नव्हतो. मी पहिलं खोकं टाकायला आलो तेव्हा पाण्यात आधीच काहीतरी निळं होतं. आधी कुणीतरी टाकलं होतं म्हणून मी टाकलं. तो पहिला शोधा की! त्याच्या दारात काय टाकणार?"

"शोधू," आक्का म्हणाली. "तळाशी असेल तो. सोडतो होय त्याला!"

ती माझ्याकडे बघून हसली. मीही हसले. येताना रस्त्यात मी मागे पडत राहिले आणि तिला म्हटलं, ऊन लागलं.

त्या दिवसापासून मला झोप नाही. टोपलं वर आलं की आधी माझी नजर त्यातला निळा रंग शोधायची. थरांवरून वर्षं मोजायची. लंगोट संपले. मोबाइलची कव्हरं संपली. मग नुसत्या पिशव्या, मग खोकी, तीही लगदा झालेली. कचरा जुना होत चालला होता आणि मी जवळ येत होते.

चौदाव्या दिवशी कंदील तळाला पोचायच्या आत विझला. दुसऱ्यांदा सोडला, परत विझला. यांनी झाडाच्या फांद्या दोराला बांधल्या आणि आम्हाला त्या खालीवर, खालीवर करायला लावलं, वाईट हवा हलावी म्हणून. तासभर हलवल्यावर कंदील टिकला. हे उतरले. दहा टोपली आली आणि दोर दोनदा हिसकला, ती आमची खूण. आम्ही जिवाच्या आकांताने दांडे फिरवले. हे वर आले ते फळीवर मान टाकून. ओठ निळे, डोळे लाल. काठावर आडवे झाले आणि ओकले. आक्का त्यांची पाठ चोळत रडायला लागली.

संध्याकाळी ते ओट्यावर टेकून बसले होते. अंगभर पुरळ, नखं काळी, खोकला थांबत नव्हता. मी पायाशी बसले.

"पुरे आता," मी म्हटलं. "बास झालं. गावाने केलंय, गावाने निस्तरावं. नाही जायचं तुम्ही खाली."

"झरा दोन हातांवर आहे."

"मेलात तर झरा काय करायचाय मला?"

मी रडत होते. खरंच त्यांच्या जिवासाठी रडत होते. पण आत एक दुसरी बाई बसली होती, ती म्हणत होती, रड, आणखी रड, म्हणजे हा थांबेल आणि ते तळाशीच राहील. मला स्वतःची शिसारी आली.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, सुई लागलेला. "बाबा मला खांद्यावर घेऊन उतरले होते त्या विहिरीत," म्हणाले. "झरा लागला तेव्हा माझ्या तोंडावर पाणी मारलं. मी चार वर्षांचा. अकरा वर्षं मी त्या बाजूला मान वळवली नाही. लाज वाटायची. आता दोन हातांसाठी सोडू?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. ओठांवर आलं होतं. मी उठले आणि भांडी घासायला गेले.

सतराव्या दिवशी गावभर झालं की आज झरा लागणार. सकाळपासून माणसं घागरी, बादल्या, डबे घेऊन आमच्या परसात. दुकानदार, डॉक्टर, प्रमुख, मास्तर, झाडून सगळे. पंधरा दिवस ज्यांची कंबर दुखत होती तेही ताठ उभे. कंदील टिकला. हे उतरले. अकराच्या सुमाराला खालून फावड्याचा आवाज थांबला.

"काय झालं?" प्रमुखाने वाकून विचारलं.

मग हे बोलले, आवाज विहिरीतून घुमून वर आला. "कपारीवर काहीतरी बसलंय. झरा त्याच्यामागे आहे, पाझर लागतोय हाताला. मोठं आहे. निळं."

मागून दुकानदार म्हणाला, "बघा! मी सांगितलं होतं की नाही?"

"दगड बांधलाय," हे म्हणाले. आता त्यांचे हात दोरी चाचपत असणार. ती दोरी, त्या सात गाठी. गाठ मला त्यांनीच शिकवलीय, लग्नानंतर, रहाटाचा दोर बांधायला. दुसरं कुणी तशी बांधत नाही.

मग त्यांचा आवाज आला, आधीपेक्षा हळू. "आक्का वर आहे का?"

"आहे की," आक्का म्हणाली. "कुठे जाणार?"

"तू जरा घरात जा. मला चहा कर."

"चहा? आत्ता?"

"मी याचे तुकडे करून पाठवतो. वेळ लागेल. तू जा."

मला कळलं. मला वाचवायला निघाला होता तो माणूस. त्या घाणीत, त्या हवेत उभा राहून, खोकत, कोयत्याने फोम कापत बसणार होता, वर कुणी ओळखू नये म्हणून. माझ्या लबाडीसाठी आणखी तासभर.

मी काठावर वाकले. "अहो, कापू नका," मी ओरडले. "अख्खी बांधा. ओढतो आम्ही."

मग दोर ताणला.

तितकं जड ओझं सतरा दिवसांत आलं नव्हतं. मास्तर आणि डॉक्टर दांड्यांना लागले. निळं गाठोडं काठावर येऊन आपटलं, चहूकडून पाणी सुटलं. जात्याची अर्धी तळी दोरीत लटकत होती. आक्का पुढे झाली. तळीवरचा चिखल तिने तळहाताने पुसला. एका बाजूला टवका उडालेला आहे, लहानपणी तिच्याच हातून पडून. तिचं बोट त्या टवक्यावर गेलं आणि तिथेच राहिलं.

दुकानदाराला काय ते उमगलं नव्हतं, तो आपल्या तोऱ्यात होता. "मग? सापडला पहिला! आता हे कुणाच्या दारात?"

"माझ्या," मी म्हटलं.

कुणाला ऐकू गेलं नाही असं वाटून मी परत म्हटलं, मोठ्याने. "माझ्या दारात. मी टाकलं. सगळ्यात आधी मीच टाकलं."

आक्काने माझ्याकडे पाहिलं नाही. कागद फाडला. आत गादी. खोळीवरची फुलं लाल होती ती लालच होती, पानं हिरवीगार. अकरा वर्षं पाण्यात, चिखलात, गावाच्या घाणीखाली, आणि एक फूल विटलं नव्हतं. मधोमध सासूच्या पाठीचा खळगा होता तोही तसाच. आक्का त्या खळग्यावर हात ठेवून बसली. आईचं तिच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं. फोटोसुद्धा पुसट झाला होता.

"जाळली म्हणालीस," ती म्हणाली, इतकंच.

तेवढ्यात खालून ओरडा झाला. "अरे, पाणी! पाणी आलं! मला वर घ्या, गुडघ्याला लागलं!"

रहाटापाशी कुणीच नव्हतं. मी धावले. एका दांड्याला मी, दुसऱ्याला कोण आहे ते बघायला वेळ नव्हता, वर घेतल्यावर पाहिलं तर दुकानदार. तो धापा टाकत होता आणि माझ्या नजरेला नजर देत नव्हता.

हे काठावर आले. पॅन्टमधून काळं पाणी गळत होतं. लोक घागरी घेऊन पुढे सरसावले तसा त्यांनी हात आडवा केला. "प्यायचं नाही. महिनाभर नुसतं उपसायचं. मग तपासून आणायचं, डॉक्टर, तुम्ही. अकरा वर्षांचा मुरलेला घाणेरडा रस आहे त्यात." लोकांची तोंडं उतरली. एकेक करून घागरी रिकाम्याच परत गेल्या. जाताना प्रत्येकजण गादी ओलांडून गेला.

यांनी गादीकडे पाहिलं, आक्काकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. आंघोळीला पाणी नव्हतं, तसेच ओट्यावर जाऊन बसले.

गादी मी एकटीने ओढत नेली आणि आमच्या दारात टाकली, बरोबर उंबऱ्यासमोर. नियम मीच केला होता.

तीन दिवस ती तिथे होती. पाणी उपसायला पाळीपाळीने येणारा माणूस तिच्यावरून येई-जाई. एक-दोघी खुसखुसल्या. मी मान खाली घालून दांडा फिरवत राहिले. हे माझ्याशी कामापुरतं बोलायचे. आक्का तेवढंही नाही. ती माझ्या हातचं जेवायची, ताट घासून ठेवायची आणि भिंतीकडे तोंड करून झोपायची.

चौथ्या दिवशी दुपारी ती उठली. शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली आणि गादीशी जाऊन बसली. बराच वेळ नुसतीच बसली. मग मला हाक मारली.

"शिवण तुझी ना?"

"हो."

"मग उसव. मला तुझा टाका सापडत नाही."

मी समोर बसले. खोळ उसवली. तिने ती टँकरच्या पाण्यातल्या आपल्या वाटणीच्या तांब्याभर पाण्यात धुतली आणि दोरीवर घातली. ती ठेवायची, म्हणाली. मग फोम. मी धरायचे, ती कापायची. वीतभर तुकडे, उन्हात पसरले. निळा कागद झटकून घडी घातला. दोरीच्या गाठी सोडवून गुंडी केली. जात्याची तळी हे येऊन घेऊन गेले आणि ओट्याच्या पायरीला लावली. सूर्य छपरामागे जायच्या आत फोम वाळला, दोन पोत्यांत बसला, तोंडं बांधून मी पोती रस्त्याकडेला उभी केली.

दारात आता काही नव्हतं. फक्त ओला डाग.

मी आक्काला म्हटलं, "एका दुपारचं काम होतं."

तिने कात्री पुसून डब्यात ठेवली. "आज मी होते," ती म्हणाली. "तेव्हा बोलावलं असतंस तर तेव्हाही आले असते."

मग ती रहाटाकडे निघाली. पुढची पाळी आमची होती.